एका जीपगाडीचा जीर्णोद्धार

वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे मावळातल्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लोहगड आणि विसापूर उभे राहतात, कार्ल्याची लेणी उभी राहतात. ते योग्यच आहे. परंतु आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे तिला तट नाहीत, बुरूज नाहीत. ती एक गंजलेली मोटारगाडी आहे. कामशेतहून आत वळून नाणे मावळात शिरले की कुंडली नदीवरच्या धरणाच्या अलीकडे-पलीकडे वडिवळ्याची शेते लागतात. तेथील एका शेतकरी कुटुंबाच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड, ही जीपगाडी कित्येक पावसाळे पडून होती. आता तिचा जीर्णोद्धार आम्ही काही निवृत्त आणि काही कामावर असलेल्या कामगारांनी आरंभिला आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. कारखान्यात टर्नरचे काम करता करता कामगार संघटनेत आलो. जे काही वाचले ते रात्रपाळीच्या सुट्टीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे इतिहास म्हटला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की ही वस्तू केली कोणी? राजाने करविली, शेटजींनी करविली, हे खरेच. पण हात कोणाचे लागले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मोडकी गाडी फार उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. चालती गाडी माणसाला प्रवासाला नेते. बंद पडलेली गाडी त्याला आत डोकावयास लावते.

जीर्णोद्धार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. देवळाचा जीर्णोद्धार आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याचे दोन प्रकारही ठाऊक आहेत. एका प्रकारात ढासळलेला दगड ओळखून जागच्या जागी बसवितात. दुसऱ्या प्रकारात जुन्या कोरीव कामावर तैलरंगाचे हात मारतात, खाली गुळगुळीत फरशी घालतात आणि वर देणगीदारांची पाटी लावतात. देऊळ झळझळीत होते, पण त्याचे वय नाहीसे होते. गाडीचेही तसेच आहे. पुण्याला १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करणाऱ्या राजवाड्यांनी अस्सल कागद शोधण्यासाठी गावोगाव पायपीट केली. अस्सल कागदावर नवी शाई फिरवून तो 'सुंदर' करावा, असे त्यांच्यापुढे कोणी म्हणाले असते तर त्या गृहस्थाची काय गत झाली असती याची कल्पना करवत नाही. आमची जीपही एक अस्सल कागदच आहे. फक्त तो लोखंडाचा आहे.

तेव्हा प्रथम हा कागद कोणत्या सालचा आणि कोठला, ते पाहू.

दुसरे महायुद्ध युरोपात पेटले होते आणि अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन लष्कराने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली. त्यांना हवी होती एक हलकी, चारही चाकांना जोर लागणारी, चिखलातून आणि डोंगरातून जाणारी टेहळणी गाडी. पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करावयाचा होता. एवढ्या घाईचे काम अंगावर घेण्यास फार थोडे पुढे आले. पेनसिल्व्हानिया राज्यातील बँटम नावाच्या एका डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून काही दिवसांत आराखडे काढून घेतले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी केली. गाडी पसंत पडली, पण कंपनी लहान होती. मोठी मागणी ती पुरी करू शकणार नाही, असे म्हणून लष्कराने तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनाही दाखविले. पुढे मोठे कंत्राट विलीजला मिळाले, नंतर त्याच नमुन्याबरहुकूम फोर्डनेही गाड्या केल्या, आणि बँटमच्या वाट्याला जीपमागे ओढावयाच्या छोट्या गाड्यांचे काम आले. कल्पना ज्याची त्याला चाकरी, आणि भांडवल ज्याचे त्याला गाडी, हा न्याय काही आपल्याकडचाच नव्हे.

विलीजच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तिचे इंजिन सरस होते. डेल्मार रूस या अभियंत्याने कंपनीच्या जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा एकेक भाग सुधारून त्याची ताकद ६० अश्वशक्तीपर्यंत नेली होती. सुमारे २.२ लिटरचे हे इंजिन इतके सोशिक निघाले की युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या, आणि त्या आफ्रिकेच्या वाळूपासून ब्रह्मदेशाच्या चिखलापर्यंत सर्वत्र धावल्या. दोन्ही कारखान्यांच्या गाड्यांचे भाग एकमेकींना चालत. फोर्डच्या भागांवर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी 'एफ' हे अक्षर उठविलेले असे.

वडिवळ्याच्या गाडीची ओळख पटविताना ही माहिती आम्हांस फार कामास आली. गावात तिला 'मिलिटरीची जीप' म्हणत आले आहेत. पण आपल्याकडे ज्या जीपगाड्यांना सरसकट मिलिटरीच्या म्हणतात त्यांतील पुष्कळ मुळी लष्करात कधी गेलेल्याच नसतात. त्या मुंबईत जोडलेल्या किंवा पुढे येथेच घडविलेल्या महिंद्रा जीपगाड्या असतात. यासंबंधी थोडे सांगणे अवश्य आहे.

जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. कैलाशचंद्र युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते. तेथे त्यांनी जीप पाहिली आणि आपल्या देशातील रस्त्यांना, म्हणजे रस्ते नसलेल्या मुलखाला, हीच गाडी योग्य असे त्यांच्या मनाने घेतले. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे तेथले गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. एका पाटीवरचा एक शब्द बदलला. पण त्या एका शब्दात फाळणीचा केवढा इतिहास आहे! सुट्या भागांच्या पेट्या बोटीने मुंबईस येत आणि माझगावच्या कारखान्यात त्यांच्या जीपगाड्या जोडल्या जात. पहिली तुकडी ७५ गाड्यांची होती. पुढे हळूहळू एकेक भाग येथेच बनू लागला. उंच बॉनेटची जी जीप मामलेदार कचेरीच्या आवारात, धरणाच्या कामावर, देवी-हिवतापाच्या मोहिमांत आणि निवडणुकीच्या धुळीत आपण पाहिली, ती ही. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात त्या वाहतुकीतही तिनेच माणसांची आणि कोंबड्यांची एकत्र ने-आण केली.

त्याच सुमारास जुन्या जीपगाड्यांनी एक वेगळाच धडाही देशाला दिला होता. १९४८ साली लंडनमधील भारतीय उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी परदेशी पेढीशी सुमारे ८० लाख रुपयांचा जीपगाड्यांचा करार केला. गाड्या दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या मिळावयाच्या होत्या. प्रत्यक्षात १५५ आल्या, आणि त्याही लष्कराला निरुपयोगी वाटल्या. संसदेत गदारोळ झाला. सरकारने १९५५ साली प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. राजकारणाचा भाग आपण सोडून देऊ. परंतु वरून रंग दिलेली गाडी आतून कशी आहे हे खोलून पाहिल्यावाचून कळत नाही, एवढा बोध गॅरेजमधल्या माणसाने त्यातून जरूर घ्यावा.

आता वडिवळ्याची गाडी. तिचे स्टिअरिंग डाव्या हाताला आहे.  पुढच्या जाळीत उभ्या खाचा नऊ आहेत. मुलकी उपयोगाच्या विलीज जीपला त्या सात असतात. बोल्टांवर 'एफ' अक्षर सापडले नाही. अर्थात ही युद्धकाळात खुद्द विलीजच्या, अमेरिकेतील टोलेडो शहरातल्या कारखान्यात झालेली जीप आहे. युद्ध संपल्यावर सैन्याचा वाढावा माल लिलावात निघाला, त्या वाटेने अशा गाड्या नागरिकांच्या हाती आल्या. एवढे झाले गाडीच्या वंशाचे.

पण बॉनेट उघडले आणि आम्ही थबकलो. आत विलीजचे इंजिनच नव्हते. तेथे मॅटाडोर गाडीचे, म्हणजे आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यात झालेले डिझेल इंजिन बसविलेले होते. मूळ पेट्रोल इंजिन गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात गोणपाटाखाली निघाले. त्याचा स्टार्टर, ज्याला आपले मिस्त्री 'सेल्फ' म्हणतात, जागच्या जागी होता. घासलेटाच्या चिंधीने पुसल्यावर त्याच्यावरची लहानशी पाटी दिसू लागली: इलेक्ट्रिक ऑटो-लाइट कंपनी, टोलेडो, ओहायो.

ही पाटी वाचून माझ्या बरोबरच्या तरुण फिटरला काही वाटले नाही. मला मात्र जुन्या ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले. कारण कामगार चळवळीच्या इतिहासात हा कारखाना एका संपामुळे अजरामर झाला आहे.

१९३४ साल. अमेरिकेत मंदीने लाखो लोक बेकार झालेले. टोलेडोच्या ऑटो-लाइट कारखान्यातील कामगारांनी संघटनेला मान्यता मिळावी म्हणून एप्रिलमध्ये संप पुकारला. कंपनीने बाहेरून माणसे आणून काम चालू ठेवले. दाराशी उपाशी माणसांचे तांडे उभे असताना संप टिकावा कसा? येथे एक आश्चर्य घडले. शहरातील बेकारांच्या संघटनेने संपकऱ्यांच्या जागा बळकावण्याऐवजी कारखान्याच्या दारावर त्यांच्याच बाजूने पहारा दिला. न्यायालयाचे मनाई हुकूम आले, तरी पहारा हटला नाही. मे महिन्याच्या अखेरीस नॅशनल गार्डचे सैनिक आणले गेले; रस्त्यावर कित्येक दिवस झुंज झाली, गोळीबारात दोघे ठार आणि अनेक जखमी झाले. जूनच्या आरंभी समेट झाला. संघटनेला मान्यता मिळाली, पगारात पाच टक्के वाढ मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क कायद्याने मान्य झाला. या कायद्यामागे टोलेडोसारख्या त्या वर्षीच्या लढ्यांचा मोठा रेटा होता.

आणि याच १९३४ च्या एप्रिलमध्ये, टोलेडोपासून हजारो मैलांवर, आपल्या मुंबईतही कापड गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला होता. मावळ, मुळशी, सातारा, कोकण येथून गिरणगावात गेलेली माणसे त्यात होती. त्यांना टोलेडो ठाऊक नव्हते आणि टोलेडोला परळ ठाऊक नव्हते. दोन्हीकडे मंदी, दोन्हीकडे पगारकपात आणि बेकारीची टांगती तलवार. टोलेडोच्या त्याच शहरात पुढे सात-आठ वर्षांनी हा स्टार्टर बनला, युद्धाबरोबर हिंदुस्थानात आला आणि वडिवळ्याच्या गोठ्यात येऊन निजला. ऑटो-लाइटची ती इमारत १९९९ साली पाडण्यात आली. मात्र तिचे प्रवेशद्वार संपाचे स्मारक म्हणून टोलेडोकरांनी राखून ठेवले आहे. ज्या दारावर पहारा दिला तेच दार त्यांनी जपले. जीर्णोद्धार म्हणतात तो याला.

आता आमच्यापुढचा खरा पेच सांगतो. गाडीत कोणते इंजिन ठेवावयाचे?

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, आणि नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नियम उत्तम हेतूने केलेला आहे. मालक कुटुंबाची इच्छाही गाडी या नियमात बसावी अशी आहे. म्हणजे आकुर्डीचे इंजिन उतरवून टोलेडोचे चढविले पाहिजे.

परंतु आकुर्डीचे इंजिन या गाडीत आले कसे? १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले आणि पेट्रोलच्या जीपगाड्या पोसणे सामान्य माणसाला अशक्य झाले. तेव्हा आपल्या मिस्त्रींनी एक फार मोठे काम केले, ज्याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही. एका देशाच्या चासीत दुसऱ्या बनावटीचे इंजिन बसविणे म्हणजे नुसते ठोकाठोकीचे काम नव्हे. नवे माउंट कापावे लागतात, गिअरबॉक्सला इंजिन जोडण्यासाठी मधला भाग घडवावा लागतो, क्लचचे माप जुळवावे लागते. हे सर्व त्यांनी आराखड्याशिवाय, खडूने फरशीवर रेघा मारून केले. वडिवळ्याच्या गाडीतील तो जोड मी टर्नरच्या नजरेने पाहिला आहे. लेथवर तो ज्याने काढला त्याचा हात स्थिर होता. शिवाय ते इंजिन ज्या कारखान्यात बनले तो काही परदेशात नाही. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, आणि कामशेत, वडगाव, तळेगाव येथली किती माणसे डबा घेऊन पिंपरी-चिंचवड-आकुर्डीच्या पाळ्यांना जात आली हे श्रोत्यांना मी सांगावयास नको. त्या इंजिनाला मावळातलेच हात लागलेले असण्याचा संभव मोठा आहे.

मग मूळ स्वरूप म्हणजे कोणते? कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशीचे, की माणसांच्या उपयोगी पडली त्या वर्षांचे? कायदा पहिले उत्तर देतो. इतिहासाला दोन्ही उत्तरे ठेवावी लागतात. आमच्यात यावर कडाक्याचा वाद झाला, आणि अखेर असा निर्णय झाला की टोलेडोचे इंजिन गाडीत परत बसवावे. पण आकुर्डीचे इंजिन भंगारात जाऊ नये. ते साफ करून, तो घडविलेला जोड त्याला लावूनच, एका लाकडी घोडीवर गाडीशेजारी ठेवावयाचे. चासीला मागच्या बाजूस गॅस वेल्डिंगचे जे जुने ठिगळ आहे तेही, मजबूत असेल तर, तसेच राहील. त्यावर पुट्टी भरून ते लपविले जाणार नाही.

काम आरंभताना आम्ही जे पाळतो तेही थोडक्यात सांगतो, कारण कोणाच्या गोठ्यात अशी गाडी असेल तर उत्साहाच्या भरात तिचे नुकसान होऊ नये. पहिला नियम, गाडी धुवू नये. आहे तशी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत; चिखलाच्या थरांखाली जुने रंग आणि आकडे असतात. दुसरा नियम, जे सुटेल त्याला चिठ्ठी बांधावी. तिसरा नियम सर्वांत मोठा: बॅटरी लावून इंजिन फिरविण्याचा मोह टाळावा. मावळच्या पावसाळ्यात पडलेल्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले असतात. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडले आणि ते झिरपू दिले. तळाचे तेल काढून पाहिले. ते दुधाळ असेल तर पाणी शिरल्याची खूण. ड्रायव्हरच्या आसनाखाली असलेली पेट्रोलची टाकी उतरवली, कारण जुने पेट्रोल डिंकासारखे होऊन नळ्या तुंबवते. या इंजिनात व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला असतात; बाजूचे झाकण काढून ते मोकळे आहेत की नाहीत ते पाहिले. मग हँडल लावून, जोर न करता, नुसता दाब देत राहिलो. चौथ्या रविवारी इंजिन बोटभर हलले. तेवढ्यावर त्या दिवसाचे काम थांबविले.

विजेची सारी व्यवस्था सहा व्होल्टची आहे. तिला जाड तारा लागतात, आणि आजकालच्या बारा व्होल्टच्या गाड्यांचा अंदाज येथे चालत नाही. ती जाणणारा मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहे. डेल्कोच्या पॉइंटमधले अंतर तो अजून नखाने अजमावतो आणि मग मापाने ताडून पाहतो. भाग मिळण्याची मला चिंता वाटत नाही, भाग आजही जगभर मिळतात. चिंता वाटते ती या नखाच्या ज्ञानाची. आयटीआयच्या मुलांपैकी दोघे दर रविवारी येतात. मिस्त्री बोलतो आणि ती वहीत उतरवून घेतात. माझ्या मते वडिवळ्याच्या गोठ्यातले सर्वांत महत्त्वाचे काम त्या वहीचे आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथील एका शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे अप्रतिम लेणे सिद्ध केले असे कोरले आहे. शेटजींचे नाव दोन हजार वर्षे राहिले. पण तेथेच दुसरा एक लेख आहे. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने द्वार केले, असे तो सांगतो. श्रेष्ठीच्या नावाबरोबर सुताराचेही नाव दगडावर राहू द्यावे, एवढे औदार्य आपल्या मावळात त्या काळी होते. जीपवर विलीजचे नाव आहे, स्टार्टरवर ऑटो-लाइटचे आहे, इंजिनावर कारखान्याचे आहे. जोड घडविणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही. ते आम्ही शोधीत आहोत. कामशेत, वडगाव, तळेगाव येथील जुन्या गॅरेजांत त्या काळी कोणी असे काम केले असेल, अथवा कोणाच्या वडिलांनी केले असेल, तर त्यांनी वडिवळ्यास येऊन तो जोड एकदा डोळ्यांनी पाहावा. आपला हात माणसाला ओळखता येतो. तो ओळखला गेला म्हणजे लाकडी घोडीवरच्या पाटीवर पहिले नाव त्याचे लिहू.